द्रौपदीची निर्गुडी

खरवईत नवी सून आली की तिला चूल, विहीर आणि कुळाचे देव दाखवतात. नदीकाठचं शेरणीचं झुडूप कुणी दाखवत नाही, आणि तिथंच घोळ झाला. द्रौपदी देशावरची, नगरकडची. भाताचं बी पेरण्याआधी जमिनीवर फांद्या पसरून जाळायच्या, त्याला राब म्हणतात, हे तिनं लग्नानंतरच ऐकलं. २००५च्या उन्हाळ्यात सासू कौसाबाईनं "टहाळ तोडून आण" म्हटल्यावर ही बहाद्दरीण जवळ पडतं म्हणून थेट उल्हास नदीवर गेली आणि आपल्या भाताच्या खाचराच्या कडेची सगळी शेरणी बुडापासून कापून मोळ्या बांधून आली. काठाचं झुडूप तोडायचं नसतं हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. जे सगळ्यांना ठाऊक असतं तेच नेमकं सांगायचं राहून जातं.

जुलैत महापूर आला आणि उघडा काठ निम्मं खाचर घेऊन गेला. शेजारच्या कोंडाजीचा शेरणीचा काठ मात्र जागेवर होता. द्रौपदीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नवरा नाथा अंबरनाथला कारखान्यात होता. तो रागावला नाही, तेच तिला जास्त लागलं.

"आता अजून एक पूर आला का उरलेलं पण जाईल," तो म्हणाला. "बिल्डर मागतोय. देऊन टाकू."

"एक पावसाळा थांबा. काठ मी उघडा केलाय, मीच झाकते."

दिवाळीला माहेरी गेली ती ओल्या गोणपाटात निर्गुडीच्या फांद्या गुंडाळूनच परतली. सीना नदीच्या काठी तिनं लहानपणापासून निर्गुडीच पाहिली होती, पुरातही ताठ उभी. कौसाबाईला हसू आवरेना.

"तुमच्याकडचा पूर पावण्यासारका. राती येतो न् सकाली जातो. आमचा घरजावई हाय, बसला का उठत नाय. कुजंल ही."

"कुजली तर परत लावीन."

उन्हाळाभर तिनं डोक्यावर हंडे वाहून निर्गुडी जगवली. जाणारे-येणारे टिंगल करत, ती ऐकून न ऐकल्यासारखं करी. एक दिवस कौसाबाई पुटपुटत खाली दगडांत उतरली आणि कोंडाजीकडून आणलेल्या शेरणीच्या काड्या फटींत ठोकू लागली.

"वर तुजी, खाली माजी. बघू कोण ऱ्हाते."

पुढच्या पावसाळ्यात नदी काठावर चढली आणि घरजावयासारखीच बसून राहिली. पाणी उतरल्यावर तिघंही बघायला गेले. शेरणी धारेच्या दिशेनं आडवी झाली होती, अंगावर गाळ आणि प्लास्टिक, पण पानं हिरवी आणि मुळांनी दगड घट्ट धरलेले. आठवडाभरात ती मान वर करणार होती. निर्गुडी मात्र ताठ उभीच होती, फक्त पानं पिवळी पडून गळाली होती आणि काठावर नुसत्या काटक्या उरल्या होत्या. द्रौपदीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते पुसलंही नाही.

"सरपणाला तरी होतील," असं म्हणत नाथानं एक काटकी उपटायला हात घातला. ती येईना. त्यानं दोन्ही हातांनी जोर लावला आणि चिखलात बसकण मारली.

कौसाबाईनं वाकून नखानं साल खरवडली. आत हिरवं होतं.

"सोड ती," ती म्हणाली. "मेली नाय. दम धरून बसलीय." मग ती काठाच्या कडेनं चालत गेली. एक ढेकूळ ढळलं नव्हतं, उलट काटक्यांच्या मागं नवा गाळ साठला होता.

नवरात्रापर्यंत प्रत्येक काटकीला बुडाशी जांभळट कोंब आले. द्रौपदी रोज सकाळी उगीचच काठावर जाऊन यायची.

हिवाळ्यात बिल्डरचा दलाल मोटारसायकलवरून आला. अंगणात खाटेवर ऐसपैस बसला. "बोला नाथाशेठ, पावसाळ्यानंतर करू म्हणालेलात."

नाथानं आईकडे पाहिलं. या वर्षी शेणाचा राब घालायचा म्हणून ती गोवऱ्या रचत होती. मान वर न करता म्हणाली, "नाय द्यायची. तिथं माज्या सुनंची निर्गुडी हाय."

आत द्रौपदीनं चहाचं आधण ठेवलं होतं. त्यातलं दलालाच्या वाटचं एक कप पाणी तिनं काढून टाकलं.