मला येत नसलेल्या गोष्टी

मुरबाडच्या एमआयडीसीत बाटलीबंद पाणी आणि सरबतं करणाऱ्या एका कंपनीने केमिस्टची जाहिरात दिली. काम पाणी तपासण्याचं असणार, हा माझा अंदाज होता. पाणी हा शब्द जाहिरातीत एकदाच आला होता, तोही कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या सोयींत, चहाच्या शेजारी. बाकी सॅप, सिक्स सिग्मा, पायथन, स्टेकहोल्डर मॅनेजमेंट असं बरंच काही हवं होतं. उमेदवार फ्रेशर पाहिजे होता आणि त्याला पाच वर्षांचा अनुभव पाहिजे होता. जर्मन येत असल्यास प्राधान्य.

मी आबांना वाचून दाखवलं.

"जर्मन कशाला गो? पाणी जर्मनीला पाठवतात काय?"

"नाय माहीत."

"मग तिकडचे लोक येत असतील प्यायला," आबा म्हणाले आणि पुन्हा विळ्याला धार लावू लागले.

मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे. किन्हवलीहून एसटीने रोज जाऊन-येऊन करता येईल अशी प्रयोगशाळेतली नोकरी त्या वर्षात ही एकच निघाली होती. ती मिळाली नाही, तर पडघ्याच्या गोदामात खोक्यांवर बारकोड चिकटवायला जायचं, असं ठरलं होतं. मुकादमाने माझी जागा धरून ठेवली होती.

बायोडेटा मी मन लावून केला. त्यात सांगण्यासारखी एकच गोष्ट होती, माझा कॉलेजचा प्रकल्प. वैशाखऱ्याला माझी मावशी असते. तिच्या वाडीवरच्या विहिरीच्या पाण्यातलं नायट्रेट मी दोन वर्षं मोजलं होतं.

बायोडेटा तयार झाल्याचं कळताच शेजारचा सूरज आला.

"ताय, तुझा बायोडेटा दे ना."

"तू बी.ए. झालास ना रे?"

"मग काय झालं? नाव बदलतो."

आमच्याकडे आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत कुणाची भाताची रोपं कमी पडली, तर ज्याच्या राबात उरली असतील तो देतो. पैसे घेत नाहीत आणि मागणाऱ्याला नाही म्हणत नाहीत. बायोडेट्याचंही गावात तसंच चालतं. मी सूरजला दिला. त्याने प्रियांकाला दिला, ती बी.कॉम. आहे. तिच्याकडून तो आयटीआयच्या तीन मुलांकडे गेला. सूरजने माझं एम.एस्सी. खोडून खरं ते बी.ए. लिहिलं, बाकी विहिरीसकट सगळं तसंच ठेवलं. खोटी डिग्री लावायची नाही, यावर तो ठाम होता.

पाचही जणांनी एकाच दुपारी, शहापूरच्या एकाच सायबर कॅफेतून अर्ज पाठवले. मी थांबले होते. टाइप करताना नायट्रेटच्या आकड्यातला दशांशबिंदू पडला होता. ६८.० चे ६८० झाले होते. माझी खात्री होती, तरी कॉलेजात जाऊन मूळ प्रत पाहिली आणि मगच दुरुस्त अर्ज पाठवला.

पाचही जणांना मुलाखतीचा मेल आला. मला वेगळा आला. माझा अर्ज दुसऱ्या उमेदवाराच्या अर्जाशी शहाण्णव टक्के जुळत होता. प्रामाणिकपणा हे कंपनीचं मूल्य असल्याने तो बाद करण्यात आला होता.

मेलखालच्या नंबरवर फोन केला. पूजा नावाच्या मॅडमनी उचलला.

"मॅडम, तो बायोडेटा माझाच आहे. बाकीच्यांनी माझा घेतला."

"असेल ना. पण सिस्टिम नवा अर्ज आधी निवडलेल्यांशी जुळवून बघते. ते आधी निवडले गेले, तुम्ही नंतर आलात. म्हणजे कॉपी तुमची."

"त्यांच्यात पाणी तपासणारं कुणी नाही."

"ते सिस्टिम बघत नाही. ती शब्द मोजते." मग आवाज जरा मऊ झाला. "असं करा, वेगळा करून पाठवा. तुमच्यासारखा दिसला नाही पाहिजे. उद्यापर्यंत घेईन मी."

माझ्यासारखा न दिसणारा माझा बायोडेटा कसा करायचा, याचा मी संध्याकाळभर विचार केला. विहीर काढली की माझ्याकडे फक्त नाव आणि डिग्री उरत होती. जाहिरातीतले शब्द घालावेत, तर त्यांतलं एकही मला येत नव्हतं, आणि न केलेल्या प्रयोगाचा निष्कर्ष मी कधी लिहिलेला नाही. पण ती शब्द मोजते, हे मॅडमनीच सांगितलं होतं. हे तपासून पाहता येण्यासारखं होतं.

मी कागदाच्या वर नाव आणि डिग्री लिहिली. खाली ठळक मथळा दिला: मला येत नसलेल्या गोष्टी. त्याखाली जाहिरातीतला प्रत्येक शब्द, त्याच क्रमाने. सॅप, सिक्स सिग्मा, पायथन, स्टेकहोल्डर मॅनेजमेंट. शेवटी जर्मन.

सकाळी उत्तर आलं. अभिनंदन, तुम्ही या पदासाठी अठ्ठ्याण्णव टक्के योग्य आहात.

आबांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून मोबाइल लांब धरला. "मग राहिलेलं दोन टक्के काय येतं तुला?"

मुलाखतीच्या दिवशी आम्ही सहाही जण एकाच एसटीने गेलो. कंपनीच्या व्हरांड्यात खुर्च्या मांडल्या होत्या. प्रियांका माझ्या कानाशी आली.

"ताय, नायट्रेट चांगलं का वाईट गो?"

"पिण्याच्या पाण्यात जास्त असलं तर वाईट."

"तसं नाय. नोकरीसाठी."

पाचही जण एकेक करून आत गेले आणि फार वेळ न लावता बाहेर आले. सूरज म्हणाला, "सर चांगले आहेत, पण विहिरीचं नाव काढलं की डोकं धरतात."

माझं नाव सगळ्यात शेवटी पुकारलं. प्रयोगशाळेचे प्रमुख अमोल सर टेबलामागे बसले होते. समोर पाच बायोडेटे उपडे ठेवले होते. माझा त्यांच्या हातात होता.

"चला, तुमच्यात विहीर नाही," ते म्हणाले. "सकाळपासून वैशाखऱ्याची एकच विहीर ऐकतोय. बसा. सिक्स सिग्मा कुठे केलंत?"

"केलं नाही, सर."

"इथे लिहिलंय."

"वर मथळा आहे."

त्यांनी मथळा वाचला. मग पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत बोट फिरवलं आणि पुन्हा मथळ्यावर आणलं.

"आणि हा कागद निवडला गेला?"

"अठ्ठ्याण्णव टक्के."

त्यांनी कागद उलटून मागची बाजू पाहिली. "मग तुम्हाला येतं काय?"

"ती विहीर," मी म्हणाले.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"ती माझीच आहे, सर. त्यांनी मागितली, म्हणून दिली."

"सगळ्यांच्या विहिरीत नायट्रेट सहाशे ऐंशी आहे. ते पाणी लोक पितात?"

"अडुसष्ट आहे. बिंदू पडला होता. त्यांनी नेल्यावर माझ्या लक्षात आलं."

"अडुसष्ट तरी कशामुळे?"

"वरच्या बाजूला गोठा आहे. पाऊस संपता संपता आकडा वाढतो आणि उन्हाळ्यात उतरतो. मावशीने शेण टाकायची जागा खाली हलवली, तर पुढच्या वर्षी कमी आला. पण त्यानंतरच्या एकाच वर्षाच्या आकड्यांवरून त्यामुळेच आला, असं म्हणता येणार नाही."

यानंतर त्यांनी जवळजवळ तासभर प्रश्न विचारले, आणि त्यात जर्मनचा विषय निघाला नाही.

नोकरी मला लागली. पडघ्याच्या मुकादमाला आबांनी फोन करून जागा सोडल्याचं सांगितलं. आता मी रोज पाणी तपासते, आणि ते काम जाहिरातीत नव्हतं तरी चांगलं आहे.

दुसऱ्या आठवड्यात पूजा मॅडमचा मेल आला. सिस्टिममधल्या नोंदीनुसार सॅप, पायथन आणि सिक्स सिग्मा हे तिन्ही असलेली मुरबाड युनिटमध्ये मी एकटीच आहे. तरी सर्व कर्मचाऱ्यांना मी प्रशिक्षण द्यावं. मला सॅप, पायथन आणि सिक्स सिग्मा येत नाही, असं मी लेखी कळवलं. त्या उत्तरानंतर माझी योग्यता शंभर टक्के झाली. प्रशिक्षणाची तारीख अजून ठरायची आहे.

त्याच रविवारी सूरज आला आणि ओटीवर टेकला.

"ताय, तुझा तो दुसरा बायोडेटा दे ना. काय येत नाय तो."

"त्यात लिहिलेलं तुला खरंच येत नाही ना?"

"त्यातलं एक पण नाय."

मग हरकत नव्हती. मी दिला.