आक्कांच्या सोप्यात लागलेली मालिका

मित्रांनो, मुरगूडला आक्कांच्या सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीत, लाकडी कपाटावर पाठीला पोक आलेला जो टीव्ही दिसतो, तो मी. अंगावर भरतकामाचं कापड, त्यावर फुलदाणी. मला सुरू करून बरीच वर्षं झाली. कान-डोळे मात्र शाबूत आहेत.

कारखान्यात माझ्या काचेवर पहिल्यांदा रंगीत पट्टे उमटले, तेव्हा एका कामगारानं समाधानानं मान डोलावली. ती माझी पहिली शाबासकी. पुढे कोल्हापूरच्या दुकानातून गोधडीत गुंडाळून टेम्पोनं मी इथे आलो. आक्का विधवा. दारात दोन म्हशी, मुलगी संयोगिता शाळेत. आक्कांनी मला हळदकुंकू लावलं. गल्लीत रंगीत टीव्ही तेव्हा मी एकटाच होतो.

दर बुधवारी संध्याकाळी साडेसातला तुरुंगावरची एक मालिका लागायची, ‘बराक नंबर चार’. अर्धी गल्ली सतरंजीवर यायची. तिच्यात राजवर्धन नावाचा नवा पोरगा एका कैद्याचं काम करायचा. आज त्याचा सिनेमा लागला की थिएटरबाहेर ढोल वाजतात. तेव्हा मात्र नावांच्या यादीत तो सर्वांत शेवटी घाईघाईनं येऊन जायचा.

त्याच सुमारास आक्कांचा धाकटा भाऊ पिराजी घरी राहायला आला. तो वारणानगरच्या साखर कारखान्यात होता, असं आक्कांनी सगळ्यांना सांगितलं होतं. पिराजी बोलायचा नाही. बुधवारी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, सगळ्यांच्या मागे बसायचा.

एका भागात भेटीचा दिवस होता. बाकीच्या कैद्यांकडे कुणी ना कुणी आलं. राजवर्धननं केस ओले करून भांग पाडला, बाकावर बसला आणि दाराकडे बघत राहिला. तोंडी एक वाक्य नाही.

“ह्याला काय काम म्हणायचं?” शेजारचे विजयसिंह गुरुजी म्हणाले. “नुसता ठोकळ्यागत बसलाय. इतका वेळ कोण दाराकडं बघतंय व्हय?”

“मला तर रडू आलं बघा,” समोरच्या घरातली क्रांती पदरानं डोळे टिपत म्हणाली. “प्वार नाव काढणार, गुरुजी.”

“कैद्यांचा एवढा पुळका बरा न्हाय. केलं ते भोगायचं.”

तेव्हा उंबऱ्यावरून आवाज आला. “बघतोय की माणूस, गुरुजी. पाच वाजंपातूर बघतोय. मी तीन वर्सं बघितलंय.”

सगळ्या माना उंबऱ्याकडे वळल्या. माझाच आवाज तेवढा चालू होता. ट्रक चालवत असताना मलकापूरला झालेल्या भांडणात पिराजीच्या हातून एका माणसाचा पाय कायमचा अधू झाला होता. कारखाना वगैरे काही नव्हतं, होता तो तुरुंग. त्या तीन वर्षांत आक्का एकदाही भेटायला गेल्या नव्हत्या, हेही त्या एका वाक्यात सगळ्यांना कळलं. गुरुजी उठले आणि चपला घालून निघून गेले. मागोमाग बाकीचे.

पुढच्या बुधवारी आक्कांनी सतरंजी अंथरली. कुणी आलं नाही.

“आक्का, मी दुसरीकडं खोली बघतो,” पिराजी म्हणाला.

“गप बस,” आक्का म्हणाल्या. “घर माझं हाय, सतरंजी माझी हाय. यायचं ती येतील.”

जाहिराती संपता संपता क्रांती आली, शेंगांची पाटी घेऊन. “सुरू झालं व्हय? सरका की जरा.” तिनं पाटी पिराजीच्या पुढ्यात ठेवली आणि त्यालाही शेंगा फोडायला बसवलं. मित्रांनो, तेव्हा मला माझ्या पडद्यापेक्षा समोरचं चित्र जास्त छान वाटलं.

गुरुजी यायला महिना गेला. आले तेही दारातच उभे राहिले. पडद्यावर कैदी रांगेत जेवण घेत होते.

“पिराजी,” त्यांनी खाकरून विचारलं, “तिथं ताट खरंच असं धरत्यात?”

पिराजीनं दोन्ही हात पुढे धरून दाखवले. मग म्हणाला, “न्हाय गुरुजी. दोन्ही हातांनी. एका हातानं धरलं की डाळ सांडतीया.”

गुरुजींनी चपला काढल्या आणि ते आत येऊन बसले. त्यानंतर मालिकेवर कुणी काही मत दिलं, की सगळी पिराजीकडे वळायची. भिंत खोटी आहे, शिपाई नको इतका ओरडतो, असं तो सांगायचा. राजवर्धनबद्दल मात्र एवढंच म्हणायचा, “त्यो पोरगा बरोबर करतोय.” पुढे पिराजीला दूधगाडीवर ड्रायव्हर घेताना ओळखदार म्हणून सही गुरुजींनीच केली.

मग घरात सपाट टीव्ही आला. माझी पिक्चर ट्यूब गेली, दुरुस्तीवाला नको म्हणाला. मी फुलदाणीचं स्टूल झालो.

गेल्या दिवाळीत सासरहून आलेल्या संयोगितानं मोबाईलवर भेटीच्या दिवसाचा तोच भाग लावला. खाली लोकांनी लिहिलेली मतंही तिनं वाचून दाखवली. कुणी लिहिलं होतं, सुपरस्टारची सुरुवात. कुणी, तुरुंग नकली वाटतो. कुणी, न बोलता रडवलंस भावा. केस पांढरे झालेला पिराजी ऐकून हसत होता. आक्का हसल्या नाहीत.

“पिरा,” त्या म्हणाल्या, “भेटीला किती वाजता सोडत हुती रं?”

इतक्या वर्षांत त्यांनी हे पहिल्यांदाच विचारलं होतं.

“धाला.”

आक्का बोटांवर काहीतरी मोजत राहिल्या. “म्हंजी सातची यष्टी धरली असती, तर पोचलो असतो.”

संयोगितानं मोबाईल बंद केला. पिराजीनं आक्कांचा हात हातात घेतला.

“त्या गाडीला लई गर्दी असायची, आक्का,” तो म्हणाला. “तुला उभ्यानं यायला लागलं असतं.”

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसायची राहिली तरी मी रागावणार नाही. पण एवढं ऐका. पडद्यावरच्या माणसासाठी रडून झालं की उठा, आणि आपल्या माणसाकडे जाणारी सकाळची गाडी धरा. जागा नसली तर उभ्यानं जा.