कण्यातलं रिकामं भोक

न्यायाधीश बाई सुनावणी मध्येच थांबवून थोडा वेळ आत गेल्या, तशी व्हर्ना कॉर्कम व्हरांड्यातल्या बाकावर येऊन नखातलं डांबर खरवडत बसली. लुनेनबर्ग बंदरातला होड्या बांधायचा कारखाना तिनं आपणहून बंद करायला काढला होता. शेवटची होडी पुरी करून पाण्यात सोडायची, सगळं विकून ज्याचं त्याला द्यायचं आणि मोकळं व्हायचं. पण लाकूडवाल्या एल्वुड झिंकनं मध्येच अर्ज ठोकला होता, की थकलेल्या देण्यापायी कोर्टानंच कंपनी ताब्यात घ्यावी. तसं झालं तर संध्याकाळीच कुलूप लागणार आणि अर्धी होडी सरपणाच्या भावात जाणार.

एल्वुड समोरच्याच बाकावर होता. दोघं एका शाळेतले. हा माणूस भिंतीवरचं घड्याळ असं निरखत होता, जणू ते विकत घ्यायचंय. व्हर्नाला रागाआधी हसूच आलं.

"पैशांसाठी एवढं, एल्वुड? थांबला असतास की."

"पैशांचं कोण बोलतंय? होडीचा कणा माझ्या झाडाचा. बसवलास, आणि मला साधं बोलावणं नाही."

तिचा हात थांबला. कण्याचा, म्हणजे होडीच्या तळातल्या मुख्य वाशाचा, पहिला खिळा लाकूडवाल्यानं ठोकायचा आणि मग सगळ्यांनी रम घ्यायची, हे गावातल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं.

"लाज वाटली रे. देणं थकलेलं, कुठल्या तोंडानं बोलावू? पण तुझा खिळा कुणाला ठोकू दिला नाही. भोक तसंच आहे. चिंधी कोंबलीये."

"चिंधी? पाणी मुरेल त्यात, बये."

"मग ये की."

सुनावणी पुन्हा सुरू झाली. एल्वुडच्या वकिलाचं भाषण ऐन रंगात आलं, तेव्हा एल्वुडनं त्याची बाही ओढली आणि व्हर्नानं आपल्या पद्धतीनं कंपनी बंद करायला आपली काही हरकत नाही म्हणून सांगितलं. बाईंनी चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं. व्हर्नानं नेमलेल्या माणसानंच कंपनी आवरावी, कोर्ट फक्त देखरेख करील, असा हुकूम झाला. व्हर्नाच्या जिवात जीव आला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच एल्वुड स्वतःचा हातोडा घेऊन हजर झाला. त्यानं भोकातली चिंधी ओढून काढली. ती मेणात भिजवलेली होती, कोरडी आणि अगदी नवी; वेळच्या वेळी बदलत आलेली दिसत होती. त्यानं ती घडी करून खिशात ठेवली.

व्हर्नानं रम ओतली. खिळा चार घावांत बसला असता. एल्वुड मात्र हलक्या हातानं कितीतरी वेळ ठोकत राहिला.