शेजारणीचा गडद ठिपका

मी एक पेशी बोलतेय. शिवणकाम करणाऱ्या एका बाईंच्या डाव्या स्तनात माझा जन्म झाला.

आम्हा पेशींच्या केंद्रकात एक गडद ठिपका असतो. रायबोसोम नावाची, प्रथिनं बनवणारी यंत्रं तिथेच घडतात. त्यांचा सांगाडा बनवणाऱ्या जनुकांच्या आमच्याकडे शेकडो प्रती असतात, पण सगळ्या उघडायच्या नसतात. बऱ्याचशा घट्ट गुंडाळून ठेवायच्या. वाढीचा निरोप आला तरच काम वाढवायचं, नाहीतर आवरतं घ्यायचं. ही यंत्रं घडवण्याइतका महागडा खर्च आमच्या संसारात दुसरा नाही.

त्यामुळे शेजारणीचा ठिपका फुगलेला दिसला तेव्हा मला संशयाचा वास आला.

"काय गं, निरोप आलाय का?"

"आलाय की."

"मग मला कसा नाही आला?"

ती आपल्या कामाला लागली. गुंडाळलेल्या प्रतीसुद्धा तिने सोडल्या होत्या. यंत्रांचे ढीग लागले, ती फुगली, तिच्या दोन झाल्या, दोनाच्या चार. सगळ्यांचे ठिपके तसेच, टपोरे. मी इतरांच्या कानावर घातलं, तर त्या म्हणाल्या, "तुला दुसऱ्याच्या घरात डोकवायची खोडच आहे."

पुढे आंघोळ करताना बाईंच्या बोटांना गाठ लागली. नवरा म्हणाला, "मशीनवर वाकून बसतेस, शीर आखडली असेल." बाईंना ते पटवून घ्यायचंच होतं. नणंदेला मात्र पटलं नाही.

"वहिनी, उद्या दवाखान्यात जायचं."

"शाळेचे गणवेश द्यायचेत. मग बघू."

"गणवेश थांबतील. गाठ थांबेल का?"

दवाखान्यात सुई आत आली. तिच्यावरही माझा विश्वास नव्हता. शेजारणीच्या लेकींसोबत तिने मलाही ओढून काचेवर पसरलं. माझं जगणं तिथे संपलं. रंग चढवल्यावर उरलं ते नुसतं दिसणं.

डॉक्टरीणबाई सूक्ष्मदर्शकावर वाकल्या. बराच वेळ त्या माझ्याकडून शेजारणीच्या लेकीकडे आणि तिच्याकडून माझ्याकडे बघत राहिल्या.

"हिचा ठिपका केवढा मोठा आहे," त्या सहकाऱ्याला म्हणाल्या. "मला शंका येतेय. एवढ्यावरून नक्की म्हणता येणार नाही. गाठीचा तुकडा तपासू."

माझं म्हणणं कुणाला तरी पटलं होतं. पण आनंद कसला? शंका खरी ठरली. बाईंची शस्त्रक्रिया झाली, औषधांनी केस गेले, हातातली सुई थरथरायला लागली. गाठ लवकर सापडली होती, म्हणून त्या सावरल्या.

तपासणीला आल्या तेव्हा त्यांनी काच बघायला मागितली. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून विचारलं, "ही टपोऱ्या ठिपक्याची, तीच का आजाराची?"

"हो. आणि ही शेजारची निरोगी."

"दोघी माझ्याच?"

"दोघी तुमच्याच."

बाईंनी पुन्हा डोळा लावला. मग म्हणाल्या, "हिला कळलं असेल का हो, शेजारी काय चाललंय ते?"

डॉक्टरीणबाई हसल्या. "पेशीला काय कळणार?"

माझा आवाज त्यांच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून तुम्हाला सांगतेय. त्या बाई कुठे भेटल्या तर एवढा निरोप द्या: कळलं होतं. तुम्हाला सांगायला तोंड नव्हतं.