बेडकाचे गाल

डॉक्टरीणबाईंनी कापसाची बारीक वात वळली आणि मुलीच्या नाकपुडीजवळ अलगद फिरवली. मुलगी फटकन शिंकली आणि खुदकन हसली.

"पाहिलंस? वातीनं तुझं काही बिघडवलं का? तरी पहारेकऱ्यांनी आरोळी ठोकलीच."

"कुठले पहारेकरी?"

"मज्जातंतूंची टोकं. नाकात असतात, तशी खाली श्वासनळ्यांतही असतात. नको ते आत शिरलं, की मेंदूला वर्दी देतात. मग वरून हुकूम सुटतो: खोका, नळी आवळा! दमा असला, की हे पहारेकरी फार हळवे होतात. मांजर आलं तरी 'चोर चोर' ओरडतात."

"आमच्या शेजारच्या काकूंसारखे!"

बाप हसला नाही. "अहो बाई, दिवसभर हिला काही नसतं. मी कामावरून येऊन अभ्यासाला बस म्हटलं, की खोकला सुरू. नुसती नाटकं. कालच चांगला दम भरला."

"काम कसलं करता?"

"लाकडी सामानाला पॉलिश." त्याने अभिमानाने दोन्ही हात टेबलावर ठेवले. नखं तपकिरी झाली होती.

बाईंनी उठून खिडकी उघडली.

बापाने हात हळूच खाली घेतले, मांडीखाली दाबले.

"घरी आल्यावर ही जवळ येते?"

"दारातच अंगावर उडी मारते. गाल फुगवून. बेडूकच म्हणतो मी तिला."

"बाबांच्या वासाने त्रास होतो का गं?"

"नाही," मुलगी घाईघाईने म्हणाली. "मला आवडतो बाबांचा वास."

"पहारेकऱ्यांना आवडनिवड कळत नाही, बाळा," बाई म्हणाल्या आणि औषध लिहू लागल्या.

दुसऱ्या दिवशी काम सुटल्यावर तो कारखान्यातल्या नळाखाली बसून साबणाने अंग घासत होता.

"काय रे, सासुरवाडीला निघालास की काय?" जोडीदाराने टोमणा मारला.

तो नखं घासत राहिला. बरोबर आणलेला धुतलेला सदरा घालून घरी पोचला.

दार उघडलं. मुलीने छातीभर श्वास घेतला, ओठ मिटले, गाल फुगवले आणि धावत येऊन त्याच्या गळ्यात पडली. तिचं नाक त्याच्या कानाला टेकलं होतं. कानावर श्वास लागत नव्हता.

तो तसाच उभा राहिला.

"सोड गं श्वास," अखेर तो म्हणाला. "आंघोळ करून आलोय."

गाल तसेच फुगवून तिने नकारार्थी मान हलवली आणि त्याला आणखी घट्ट धरलं.