साळिंदर, बेडूक आणि आरामखुर्ची

दाताच्या डॉक्टरांना दोनच गोष्टींचा मोह होता. एक, आपलं म्हणणं खरं ठरण्याचा. दुसरा, सासऱ्यांच्या आरामखुर्चीचा. पहिली हौस घरी कधी भागत नसे, म्हणून सगळी भिस्त दुसरीवर. आठवडाभर लोकांच्या जबड्यांवर वाकून पाठीची पार कमान झालेली असे. रविवारी त्या खुर्चीत अंग टाकलं की ती कमान सैल पडे.

आता सासू-सासरे लहान घरात राहायला चालले होते आणि तिथे खुर्चीला जागा नव्हती. धाकट्या जावयालाही, म्हणजे डॉक्टरांच्या साडूलाही, ती हवी होती. तो लिफ्ट दुरुस्त करी. बोले कमी, हसे जास्त. अशी माणसं डॉक्टरांना सहन होत नसत.

"पत्त्यांवर ठरवा. जो जिंकेल त्याची खुर्ची," सासरे म्हणाले.

हे पत्ते राजा-राणीचे नव्हेत. प्रत्येक पत्त्यावर एक प्राणी, त्याची ताकद आणि खाली बारीक अक्षरांत त्याची खोड. निवृत्तीनंतर सासऱ्यांना हा नाद लागला आणि त्यांनी तो दोन्ही जावयांना लावला. लावताना एक नियम मात्र पदरचा घातला: दोन प्राणी भिडले की थोरल्या जावयाच्या प्राण्याचा घाव आधी. खेळाच्या नियमांच्या पुस्तकात असं काही नव्हतं. पण थोरले हरले की जेवताना भांडी आपटत, आणि भांडी सासूबाईंची होती.

निम्मं सामान बांधून झालं होतं. दोघे साडू एका उपड्या खोक्याच्या दोन बाजूंना बसले. मागे सासूबाई कपबश्या वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या. डाव रंगत रंगत शेवटाला आला, तेव्हा दोघा खेळाडूंचे दोन-दोनच प्राण उरले होते; तेही गेले की हार. पाळी डॉक्टरांची. त्यांनी सवयीने आपलं साळिंदर पुढे ढकललं.

"हल्ला!"

साडूने हसत आपला बेडूक आडवा घातला.

"माझा घाव आधी. बेडूक खलास," डॉक्टर म्हणाले.

"खलास," साडूने मान्य केलं. "पण त्याची खोड वाचा ना, डॉक्टर."

डॉक्टरांनी चष्मा वर केला. बेडूक मेला की फुटतो आणि समोरच्या खेळाडूचे दोन प्राण घेऊन जातो. त्यांचं तोंड एखाद्या पेशंटसारखं उघडं राहिलं. साळिंदराचीही खोड तीच होती, पण त्यासाठी त्याला मरावं लागे. आणि आधी घाव घातल्यामुळे ते ठणठणीत जिवंत होतं.

"थांबा!" डॉक्टर म्हणाले. "खुर्चीचा प्रश्न आहे. आज घरचा नियम नको. पुस्तकाप्रमाणे व्हायला पाहिजे."

"अरेच्चा!" सासरे म्हणाले. "इतकी वर्षं पुस्तक आठवलं नाही ते?"

"तत्त्व म्हणजे तत्त्व, बाबा."

"आहे पुस्तक माझ्याकडे," सासूबाई म्हणाल्या. ते त्यांना सकाळी कपाट आवरताना सापडलं होतं, आणि कपाट आवरण्यापेक्षा वाचायला बरं म्हणून त्यांनी सगळं वाचलंही होतं. "दोघांचे घाव एकदम बसतात. आधी-नंतर काही नाही. साळिंदरही मेलं, बेडूकही मेला."

"झकास!" स्वतःचा प्राणी मेल्यावर इतका खूश झालेला माणूस घरात कुणी पाहिला नव्हता. "आता खोडी. पाळी माझी, तर माझी खोड आधी. बरोबर?"

"आधी मांडायची, जावईबापू." सासूबाईंनी खोक्यावर एक ताट ठेवलं. "ज्याची पाळी, त्याचं ताट आधी. हे तुमचं. त्याच्यावर दुसऱ्याचं." त्यांनी दुसरं ताट वर ठेवलं. "आता घासायला घ्या बघू एक."

डॉक्टरांचा हात आपसूक वरच्या ताटाकडे गेला आणि तिथेच थिजला.

"वरचंच घेतलंत ना? मग बेडूक आधी फुटला. तुमचे काटे उडायच्या आत तुम्ही गेलात."

सासूबाईंनी तेवढ्यात ताटं काढून लांब ठेवली.

"म्हणजे मी एक पाळी गप्प बसलो असतो," डॉक्टर सावकाश म्हणाले, "आणि हल्ला यांनी केला असता..."

"तर तुमचं ताट वर. पण गप्प बसायचा पत्ता तुमच्याकडे नाही ना."

साडूने खुर्चीवरची धूळ झटकली. "डॉक्टर, जाण्याआधी एकदा बसून घ्या. आणि पुढच्या रविवारी आमच्याकडे या. माझा पाय तसाही आठवडाभर बंद लिफ्टांच्या जिन्यांवर असतो, रविवारी मी पलंगावर आडवाच असतो. खुर्ची मोकळी असेल."

डॉक्टर बसले. पाठ सैल पडली, तोंड मात्र नाही. मग उठून त्यांनी खुर्चीचं पुढचं टोक धरलं, मागचं साडूने. दारात वळवताना खुर्ची अडकली आणि दोघांची बोटं चौकटीत एकदमच चेमटली. बोंब मात्र साडूची आधी आली, डॉक्टरांची नंतर.

"बघा," सासरे कौतुकाने म्हणाले, "लागलं एकदम, ओरडला धाकटा आधी. असं कसं?"

"पुढे कोण होतं?" सासूबाईंनी मान वर न करता विचारलं. "पाळी थोरल्यांची, ताट खालचं."