लालबागचा दर

“आमच्या गावाक घर शाकारूक पैशे लागनत नाय,” रखमाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. “वाडीत सांगूचा. वाडी येता, काम करता, जेवून जाता. तू दर कसलो सांगतस?”

मी कौलं परतणारा माणूस. सकाळपासून डोक्यावर ऊन, त्यात हे ऐकून चिडलोच.

“मावशी, हे लालबाग हाय, तुजं गाव नाय. गिरगावात घरं उंच, परांची बांधावी लागते, म्हणून तिथं पैसे जास्त पडतात. तिकडं शीव गावात माती शेजारी, झावळ्या शेजारी, म्हणून कमी. इथं कौलं बंदरावरनं बैलगाडीनं आणायची. आणि गिरणी सोडून माणूस माझ्यासंगं येणार, तर त्याला गिरणीएवढं नको द्यायला?”

“आणि शेजारी?”

“शेजारी गिरणीत!”

तिला काही पटेना. मुलगा रघू गिरणीत होता, पण त्याचा पगार वाण्याच्या दारातच संपायचा. सून सुभद्रा दिवस भरत आलेली. जिथं बाळंतिणीची खाट टाकायची, नेमकं तिथंच वर आभाळ दिसत होतं. रात्री थंडी उतरायची, दिवसा धुराड्याची काजळी. मला वाईट वाटलं, पण वाईट वाटून माझं पोट भरत नव्हतं. मी निघून आलो.

रविवारी त्याच वाटेनं जाताना डोकावलो, तर बाईनं कमालच केली होती. साऱ्या आळीला कामाचं सांगून आली होती आणि अंगणात हंडाभर भात नि आमटी रांधून बसली होती. आलं कोण? कुत्रंसुद्धा नाही. हप्त्याची एकच सुट्टी, कोण कुणाच्या छपरावर चढतोय! एकटा रघू वर चढलेला, आणि लावायच्या आधी पायाखाली कौलं फोडत होता.

“अरे उतर, उतर! होतं तेही घालवशील!” मी ओरडलो आणि स्वतःच वर चढलो. जोडीदार धर्मा जवळच राहायचा. त्याला जेवणाची लालूच दाखवून बोलावलं. दिवेलागणीपर्यंत छपरातून आभाळ दिसेनासं झालं.

वाढता वाढता रखमाबाईनं विचारलं, “तुझ्या घराचा काम कधी? मी येतलंय.”

तिच्या गावचा कायदाच तो. तू माझ्या घराला हात लावलास, आता मी तुझ्या.

“बघू, शिमग्यानंतर,” मी थाप मारली. मला कसलं घर? शिवडीला लाकडाच्या वखारीत, राखणदाराच्या पडवीत माझी वळकटी. दुसऱ्यांची घरं शाकारणाऱ्यानं हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

सुभद्राला मुलगी झाली. शिमगा झाला. आणि एका सकाळी धर्माकडून ठिकाण काढून बाई वखारीत हजर! पदर खोचलेला, हातात कोयता नि काथ्याची दोरी, मागं शिडी घेतलेला रघू.

“खंय तुजा घर?”

राखणदारानं हसत वळकटीकडे बोट दाखवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“मावशी, खोटं बोललो मी.”

तिनं रघूला शिडीसकट परत धाडलं. गाडीच्या बैलांमागचं शेण गोळा केलं, पाणी घालून कालवलं, वळकटी उचलून खांबाला टेकवली आणि माझ्या अंथरुणापुरती जमीन चारी कडांनी नीट सारवली.

“सुकांदे. तवर पाय घालू नको,” म्हणाली, आणि हात धुऊन गेली.

त्या दिवशी मी कामाला गेलो नाही. दुपारपर्यंत बाहेर उन्हात उभा राहिलो.